नवऱ्याच्या रिटर्नमधल्या मेंढ्या

आयकराच्या अर्जात पत्ता विचारतात, बँकेचं खातं विचारतात, मोबाइल नंबर विचारतात. तुमचं लग्न झालंय का, हे विचारत नाहीत. तीस वर्षांहून जास्त काळ मी हिंगोलीत लोकांचे रिटर्न भरले, आणि या एका गोष्टीपायी आयकर खातं मला कायम जवळचं वाटत आलं. गावात मला हा प्रश्न विचारला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. भाजीवालीनं विचारलं, घरमालकानं विचारलं, बँकेच्या नव्या साहेबानं तर माझ्या कर्जाच्या अर्जावर पेन टेकवून विचारलं, "मिस्टर काय करतात?" आयकर खात्यानं कधी विचारलं नाही. मी कमावलं तेवढ्यावर माझा कर, संपला विषय.

लोकांना हे पटत नसे. नवरा-बायको एका ताटात जेवतात, एका छताखाली राहतात, मग त्यांचा कर एकत्र का नाही? कुणाचा तरी अमेरिकेतला पुतण्या सुट्टीवर येई आणि सांगून जाई की तिकडे दोघांचं मिळून एकच रिटर्न भरता येतं. मग ते घर आठ दिवस माझं डोकं खाई. आपल्याकडे तसं नाही. नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं, रिटर्न वेगळं. करमुक्त रकमेची जी मर्यादा लग्न झालेल्याला, तीच सड्याफटिंगाला. मधली काही वर्षं बायकांना थोडी जादा सूट होती, पण तीसुद्धा बाई म्हणून, कुणाची बायको म्हणून नाही. ती मला मिळत होती तेव्हा मी दर वर्षी आकडा भरताना जरा ऐटीत बसायची.

कनेरगाव नाक्यावर एका पोराचा धाबा होता. चांगला चालायचा. एका जुलैत तो रिटर्न भरायला आला आणि म्हणाला, "बाई, लगीन केलं तर टॅक्स कमी व्हईन का?"

"एक रुपयासुद्धा नाही."

"मंग हे माझ्या बापाला सांगा ना. लई घाई करून राहिला."

दोन दिवसांनी बाप आला. खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, कमी व्हते म्हून सांगा पोराला. तुमचं ऐकते ते." मी दोघांनाही हाकलून दिलं. कायदा मोडायला सांगणारे पुष्कळ भेटले होते, पण लग्न जुळवायला कायदा बदला म्हणणारा हा पहिलाच.

लग्न झालं. दोन महिन्यांत तो बायकोला घेऊन हजर. आता त्याच्या डोक्यात नवीन युक्ती होती. धाब्याच्या कमाईतले काही लाख बायकोच्या नावानं ठेवीत टाकायचे, म्हणजे व्याज तिच्या नावावर जाईल आणि याचा कर वाचेल. ही युक्ती प्रत्येक नवऱ्याला स्वतःलाच सुचली असं वाटतं. कायदा करणाऱ्यांना ती आधीच सुचलेली आहे. नवऱ्यानं बायकोला, किंवा बायकोनं नवऱ्याला, बदल्यात काही न घेता पैसा दिला तर तो देता येतो. घेणाऱ्याला त्यावर कर नाही. पण त्या पैशावर जे व्याज येईल, ते देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं. आमच्या धंद्यात याला क्लबिंग म्हणतात. मी त्याला 'मिळवणी' म्हणते, कारण तो शब्द लोकांना शाळेपासून माहीत आहे.

"म्हंजे पैसा हिचा, अन् टॅक्स माझा?"

"हो."

"आन् लग्नाच्या आधी दिला असता तर?"

मी सांगितलं की तेव्हा ही मिळवणी लागली नसती, पण तेव्हा ती तुझ्या नात्यातली नव्हती, म्हणून पन्नास हजारांच्या वरची भेट तिचंच उत्पन्न धरलं गेलं असतं. त्यानं कपाळाला हात लावला. नवी नवरी इतका वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. ती म्हणाली, "बराबर तर हाय. पैसा माझा, टॅक्स ह्यांचा. टाका तुमी." त्यानं टाकले की नाही मला आठवत नाही. पण ते दोघं जिना उतरताना भांडत होते आणि हसतही होते, ते मात्र आठवतं.

अशी जोडपी मी खूप पाहिली. दोघंही मास्तर असलेलं एक जोडपं दर वर्षी एकत्र यायचं, एकाच पिशवीत दोघांचे कागद घेऊन. मॅडम नवऱ्याला चहा सांगायला खाली पाठवायच्या आणि तेवढ्यात मला विचारायच्या, "माझा रिफंड किती?" मी आकडा सांगितला की म्हणायच्या, "ह्यांना सांगू नका." पाच मिनिटांनी मॅडम फोनवर बोलायला गॅलरीत गेल्या की मास्तर तेच विचारायचे, तेच सांगायचे. मी दोघांचंही गुपित शेवटपर्यंत राखलं. एवढ्या तेवढ्या पैशांनी ते एकमेकांना साडी आणि मनगटी घड्याळ घ्यायचे, हेही मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं होतं.

या सगळ्यामुळे मला वाटायला लागलं होतं की नवरा-बायको आणि कर या विषयात मला न कळणारं काही उरलेलं नाही. माझी सर्वांत मोठी चूक त्याच दिवसांतली आहे.

लिंबाजी गुरुजी औंढा तालुक्यातल्या एका गावचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. घर मूळचं मेंढरं राखणारं, थोडी कोरडवाहू जमीन. गुरुजी त्या घरातले पहिले नोकरदार. दर जुलैत ते खादीच्या पिशवीत सगळे कागद क्रमानं लावून आणत. त्यात त्यांच्या बायकोचं पासबुकही असे. कौसाबाईंच्या नावावर बँकेत ठेवी होत्या. एक-दोन नव्हे, वर्षागणिक वाढत गेलेल्या, सगळ्या मिळून सहा-साडेसहा लाखांच्या. त्याचं व्याज यायचं.

मी पहिल्या वर्षी ते पासबुक पाहिलं आणि मनाशी ठरवलं, मास्तरांनी पगारातून बायकोच्या नावावर टाकलेत. धाबेवाल्याची युक्ती, फक्त जास्त सभ्य माणसानं केलेली. व्याज गुरुजींच्या उत्पन्नात मिळवलं, कर काढला, गुरुजींनी भरला. पुढच्या वर्षीही तेच. सलग सहा वर्षं तेच. पैसे कुठून आले, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. जास्त कर भरणाऱ्याला कुणी नोटीस पाठवत नाही, म्हणून मला तर आपण फार सावध सल्लागार आहोत असा अभिमान होता. आणि गुरुजी काही बोलत नसत. "तुमी म्हनता ते बराबर," एवढंच. त्यांना वाटत होतं, बायको आहे म्हणून तिचं व्याज नवऱ्याच्या नावात घालायचा कायदाच असेल.

सातव्या वर्षी मार्च महिन्यात, म्हणजे अगदी भलत्या वेळी, गुरुजी आले. पण या वेळी ते मागे होते. पुढे एक उंच, सावळी, साठीकडे झुकलेली बाई होती. हातात माझ्याच ऑफिसात छापलेला रिटर्नचा कागद.

"टॅक्सच्या बाई तुमीच का?"

"हो. बसा ना."

त्या बसल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं. "हे तुमी लिव्हलं?"

मी वाचलं. पत्नीच्या ठेवींवरील व्याज, मिळवणी केलेलं. "हो, मीच. काय झालं?"

"मेंढरं माझी. बँकेतला पैसा माझा. मंग ह्या कागदावर ह्यांच्या नावाखाली काहून?"

मी धाबेवाल्याला समजावलं होतं त्याच सुरात सुरुवात केली. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशावर जे व्याज...

"ह्यांनी दिले?" त्या वळल्या. "तुमी दिले मला?"

गुरुजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्या कुठून देऊ? माझा पगार घरात अन् पोरांच्या शिक्षणात गेला. उलट पोरीचं लगीन हिच्याच मेंढरांवर झालं."

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक माझी होती आणि आवाजही माझाच चढला. हे आधी का नाही सांगितलं, सहा वर्षं तोंडात काय धरून बसला होतात, असं मी त्या सज्जन माणसाला ताडताड बोलले. गुरुजी खाली बघत राहिले. कौसाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. माझं बोलून संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी इचारलं व्हतं का?"

मी नव्हतं विचारलं.

मग त्या बसल्या आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नात वडिलांनी त्यांना सात मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्यांच्याकडे प्रत्येक घराची मेंढराच्या कानावर एक खूण असते. गुरुजींच्या घरची खूण म्हणजे उजव्या कानाचा शेंडा कापलेला. कौसाबाईंच्या माहेरची खूण म्हणजे डाव्या कानाला मागच्या बाजूनं खाच. सुनेबरोबर आलेल्या मेंढ्या सासरच्या कळपात चरतात, रात्री एकाच वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, बसतात, पण त्यांची खूण बदलत नाही. त्यांना जी कोकरं होतात त्यांनाही आईचीच खूण. आणि त्या खुणेच्या मेंढ्यांवर नवऱ्याचा हक्क नसतो. त्या बाईच्या. तिच्यानंतर तिच्या लेकीच्या. पस्तीस वर्षांत सातांच्या सत्तर-बहात्तर झाल्या होत्या. मग चराईची रानं कमी झाली, गुडघे दुखायला लागले, तेव्हा कौसाबाईंनी त्यातल्या बऱ्याचशा जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात थोड्याथोड्या करून विकल्या आणि पैसे बँकेत ठेवले. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. मेंढरं लेकीची होती, तर मेंढरांचे पैसेही लेकीचे. लेक औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर नारळ-फुलांची टपरी चालवत होती. तिचा नवरा तिला टाकून कधीच निघून गेला होता.

"थोरल्या पोराला ट्रॅक्टर घ्यायचा हाय," कौसाबाई म्हणाल्या. "कर्जासाठी बँकेनं बापाचे कागद मागितले. त्यानं हा कागद वाचला. मला म्हनला, आई, हा पैसा तर बाबाचा हाय. सरकारी कागदावर लिव्हलेलं हाय. मंग ताईला एकटीला कसा देशीन?" त्यांनी टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. "पोरगं वाईट न्हाई. पन कागद दाखवून राहिलं. कागदाला म्या काय सांगू?"

मी, जिनं आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर स्वतःच्या नावानं कर भरला आणि त्याचा तोरा मिरवला, तिनं एका बाईची पस्तीस वर्षांची कमाई न विचारता नवऱ्याच्या नावाखाली लिहून टाकली होती. ती बाई मी कधी पाहिलीही नव्हती. तिच्या पासबुकावर मी सहा वर्षं चहाचा कप ठेवला होता. मी त्यांची माफी मागितली. कौसाबाई म्हणाल्या, "माफीचं काय करू? कागद बदला."

जुन्या वर्षांचे कागद बदलणं आता हातात नव्हतं, मुदत गेली होती. पण नवीन वर्षाचं रिटर्न नीट भरता येणार होतं. मी गुरुजींच्या रिटर्नमधून व्याज काढलं आणि कौसाबाईंचं वेगळं रिटर्न भरलं. इथे आमच्या भागातला एक पक्का समज सांगायला हवा. शेतीला कर नाही, म्हणून शेळ्या-मेंढ्यांनाही नाही, असं सगळे धरून चालतात. कायद्यानं मेंढपाळी शेतीत येत नाही, तो धंदा आहे. उरलेल्या मेंढ्यांचं उत्पन्न मी धंदा म्हणून दाखवलं, व्याज दाखवलं. सगळं मिळून मर्यादेच्या पुष्कळ खाली. कर शून्य. मला वाटलं, झालं.

पाच-सहा महिन्यांनी गुरुजींच्या नावानं नोटीस आली. सहा वर्षं तुम्ही स्वतः हे व्याज तुमचं म्हणून दाखवलंत, म्हणजे ठेवींचा पैसा तुम्ही पत्नीला दिला हे तुम्हीच मान्य केलंत. मग यंदा ते का वगळलं? पत्नीचा स्वतःचा पैसा असल्याचा पुरावा पंधरा दिवसांत द्या. प्रश्न अगदी रास्त होता. तिकडे बसलेल्या माणसाच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. माझेच सहा कागद आता आमच्या विरुद्ध साक्ष देत होते. आणि उत्तर पटलं नाही, तर पुन्हा सरकारी शिक्क्यानं तेच लिहून येणार होतं, जे थोरल्या पोरानं वाचलं होतं.

पुरावा काय द्यायचा? जवळ्याच्या बाजारात मेंढरांचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. व्यापारी पावती देत नाही, मागितली तर हसतो. आंदणाचा कागद तर जगात कुणी केलेला नाही. पूर्वी निदान साहेबासमोर बसून बोलता यायचं. आता साहेबाचं तोंड दिसत नाही, सगळं कॉम्प्युटरवर पाठवायचं. त्या साहेबानं मेंढरू जवळून पाहिलं असेल की नाही, कोण जाणे.

मी पासबुक घेऊन बसले. भरणा सगळा रोख, कधी आठ हजार, कधी साडेअकरा. तारखा कॅलेंडरवर लावून पाहिल्या, तर जवळजवळ प्रत्येक भरणा जवळ्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा निघाला. पगाराच्या तारखेशी एकही जुळत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टेबलावर थाप मारली. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मेंढरं गुरुजींचीच नव्हती कशावरून?

म्हणून मी त्यांच्या गावी गेले. उरलेल्या मेंढ्यांच्या कानांचे फोटो काढायचे होते. वाडग्यात मी मोबाइल घेऊन उभी, साडीचा पदर खोचलेला, आणि गुरुजींनी मेंढी पकडून धरायची, असं ठरलं. गुरुजींच्या हातून एकही मेंढी थांबेना. एक सुटली, दुसरीनं त्यांना शेणात बसवलं. कौसाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"चाळीस वर्सं पोरांचे कान धरले," त्या म्हणाल्या, "मेंढराचा एक धरता येत न्हाई."

"पोरं उभी ऱ्हायची," गुरुजी धोतर झटकत म्हणाले.

"तुमच्या भ्यानं. मेंढरं कुनाला भीत न्हाईत." मग त्या स्वतः आत शिरल्या आणि नुसतं नाव घेऊन एकेक मेंढी उभी केली. पंधरा मेंढ्यांच्या डाव्या कानाला मागे खाच. गुरुजींच्या चारांचा उजवा शेंडा उडवलेला. मी सगळे फोटो काढले. फोटो काढून झाल्यावर गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुमच्या उत्तरात लिव्हा की चूक माझी. म्या नीट सांगितलं न्हाई म्हून. तुमचं नाव काहून खराब करता? तुमचा धंदा हाय." त्यांच्या धोतराला अजून शेण लागलेलं होतं. मी त्यांना रागावलेच. पण रस्त्यानं येताना मला रडू आलं, तेही खरं.

खूण आज केली नाही कशावरून, असं साहेब म्हणू शकला असता. ते कोडं सोडवलं कौसाबाईंनीच, आणि अगदी सहज बोलता बोलता. जंतांचं औषध पाजायला आणि लस टोचायला त्या मेंढरं गुरांच्या दवाखान्यात न्यायच्या. तिथे फी भरावी लागे. "माझ्या मेंढरांची फी म्या भरीन, ह्यांच्यांची हे भरतीन, असं म्या पहिल्यापून सांगितलं. तिथला मानूस वैतागायचा. एका घरच्या दोन पावत्या कोन फाडते म्हनायचा. पन फाडायचा." पावत्या घरात कुणी ठेवल्या नव्हत्या. दवाखान्यात जुनी रजिस्टरं मात्र होती. तिथल्या नव्या कर्मचाऱ्यानं दोन दिवस कपाट उपसून ती काढली आणि मला नकला करून दिल्या. वीस वर्षांपूर्वीच्या पानावर, कुण्या वैतागलेल्या माणसाच्या अक्षरात, एकाखाली एक दोन ओळी होत्या. लिंबाजी, मेंढ्या एकवीस, उजवा कान. कौसाबाई, मेंढ्या चव्वेचाळीस, डावा कान. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

मी उत्तर लिहिलं. आयुष्यात शेकडो उत्तरं लिहिली, पण हे लिहायला मला चार दिवस लागले. कानाची खूण म्हणजे काय, कोकराला आईची खूण का, सुनेच्या मेंढ्या कुणाच्या, हे सगळं ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसासाठी लिहिलं. रजिस्टरची पानं जोडली, भरण्याच्या आणि बाजाराच्या तारखा जोडल्या, कौसाबाईंच्या भावाचं प्रतिज्ञापत्र जोडलं, एकोणीस मेंढ्यांच्या कानांचे फोटो जोडले. आणि शेवटी लिहिलं की आधीची सहा वर्षं ही रक्कम पतीच्या उत्पन्नात दाखवली, ती सल्लागाराची चूक. सल्लागारानं पत्नीला कधी विचारलंच नाही. खाली माझं नाव आणि सही. आपल्याच हातानं आपली चूक सरकारदरबारी नोंदवायची माझी ती पहिलीच वेळ.

दोन महिने काही कळलं नाही. त्या दोन महिन्यांत कौसाबाईंचा दर आठवड्याला फोन यायचा. "आलं का?" एवढंच विचारायच्या. मी "नाही" म्हटलं की फोन बंद.

आदेश आला तो इंग्रजीत, दीड पानांचा. मी दोघांना बोलावून घेतलं आणि मराठीत वाचून दाखवला. ठेवींचा पैसा पत्नीच्या स्वतःच्या मालकीच्या मेंढ्यांच्या विक्रीतून आल्याचं स्पष्टीकरण मान्य करण्यात येत आहे. पतीच्या उत्पन्नात मिळवणी करण्याचं कारण नाही.

"पुन्ना वाचा," कौसाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"स्वतःच्या मालकीच्या, असं लिव्हलंय?"

"असंच लिहिलंय."

त्यांनी कागद हातात घेतला. इंग्रजी येत नसतानाही बराच वेळ बघत राहिल्या. मग घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. मी गुरुजींना म्हणाले की गेल्या सहा वर्षांत तुम्ही माझ्यामुळे विनाकारण भरलेला कर काही आता परत मिळत नाही, तो मी तुम्हाला देते. मी आकडाही काढून ठेवला होता, लहान नव्हता. गुरुजी पिशवी उचलून उभे राहिले. "ऱ्हाऊ द्या. लग्नापून हिच्यासाठी काय केलं म्हून इचारत असते. आता सांगता येईन, सहा वर्सं तुझा टॅक्स म्या भरला." कौसाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मला भरायचाच नव्हता तो."

थोरल्यानं आदेशाची झेरॉक्स पाहिली. नंतर त्यानंच आईला गाडीवर बसवून बँकेत नेलं आणि ठेवींवर नॉमिनी म्हणून बहिणीचं नाव लावून आणलं. ट्रॅक्टर त्यानं घेतला, जुना घेतला. हे मला गुरुजींनी पुढच्या जुलैत सांगितलं. तेव्हापासून मी दोन रिटर्न भरत होते, आणि पासबुक घेऊन कौसाबाई स्वतः येत होत्या.

मागच्या वर्षी मी ऑफिस बंद केलं. डोळे साथ देईनात. फायली ज्याच्या त्याला परत दिल्या. कौसाबाईंची फाइल द्यायला मी मुद्दाम त्यांच्या गावी गेले. जेवण झालं. मग त्या मला वाडग्याकडे घेऊन गेल्या आणि एक मादी कोकरू काखेत उचलून आणलं. दोन-अडीच महिन्यांचं असेल. कान अजून कोरे होते.

"ही तुमची."

"अहो, माझी फी कधीच मिळालीय."

"फी न्हाई ही. आंदण हाय."

मला हसू आलं. "आंदण लग्नात देतात, कौसाबाई. माझं वय बघा."

"मंग लगीन न झालेल्या लेकीला काय द्यावंच न्हाई का?"

गुरुजी दारात उभे होते. त्यांच्याकडे पाहिलं, तर तेही चकित झालेले दिसले. "मला बी आत्ताच कळून राहिलं," ते म्हणाले.

"ह्यांना काहून सांगायचं?" कौसाबाई म्हणाल्या. "माझ्या हायेत. म्या कुनाला बी देईन."

त्यांनी नवं ब्लेड काढलं, पाण्यात बुडवलं, हळदीची वाटी जवळ ओढली. "खूण कोनती करू?"

मी म्हणाले, "तुमचीच करा की. राहणार तर तुमच्याच कळपात. मी कुठे ठेवू तिला?"

कौसाबाईंचा हात थांबला. सहा वर्षांपूर्वी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहून बघत होत्या, तशा बघायला लागल्या.

"माझी खूण केली," त्या म्हणाल्या, "तर ती तुमची कशी व्हईन?"

मी खाली बसले. कोकराचे दोन्ही कान हातात घेतले. गरम होते, पातळ, सारखे हलत होते. उजव्याचा शेंडा गुरुजींच्या घरचा होता. डाव्याची मागची बाजू कौसाबाईंच्या वडिलांची होती. मी बराच वेळ घेतला, कुणी घाई केली नाही.

"डाव्याला, खालच्या बाजूनं," मी म्हणाले. "एकच चीर."

"धरा नीट," कौसाबाई गुरुजींना म्हणाल्या, आणि गुरुजींनी या वेळी नीट धरलं.